पाटाच्या पाण्यातले खत आणि गोणीतले खत



लागणीचा हंगाम जवळ आला की गट ऑफिसात ठरलेला प्रश्न येतो. "साहेब, एकरी किती गोण्या टाकायच्या?" आम्ही उलट विचारतो, "पाणी कोणते आहे?" खताचे विचारले आणि हे पाण्याचे काय काढून बसले, असा समोरच्याचा चेहरा होतो. परंतु लोणी काळभोर, कदमवाकवस्ती, थेऊर, कुंजीरवाडी या पट्ट्यात खताचा हिशेब पाण्यापासूनच सुरू करावा लागतो. दुसरीकडे कदाचित तशी गरज पडत नसेल, आपल्याकडे पडते. ती का, आणि हिशेब कसा करायचा, हे या लेखात सांगण्याचा विचार आहे.

आपल्या शिवारात तीन प्रकारचे पाणी खेळते. नव्या मुठा उजव्या कालव्याला खडकवासला साखळीतील धरणांचे पाणी येते. जुन्या मुठा उजव्या कालव्याला, म्हणजे आपण ज्याला बेबी कॅनॉल म्हणतो त्याला, पुणे शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलून सोडले जाते. धरणाचे पाणी शहराने जास्त वापरायचे आणि त्या बदल्यात वर्षाला साडेसहा टीएमसी सांडपाणी शुद्ध करून शेतीला द्यायचे, अशी त्या योजनेमागची कल्पना. तिसरे पाणी मुळा-मुठा नदीचे. मोटारी बसवून, पाइपलाइन करून ते कित्येक सभासदांनी वर आणलेले आहे. विहिरींचे म्हणाल तर ज्या पाटाच्या किंवा नदीच्या अंगाला विहीर, त्याचाच पाझर तिला. वरून पाणी नितळ दिसते म्हणून ते धरणाचे होत नाही.

शहराच्या पाण्यावर प्रक्रिया कितपत होते, हा वाद सभांमधून नेहमी चालतो. त्यात आम्ही पडत नाही. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. साध्या प्रक्रियेत मैल्यातला गाळ आणि कुजणारा भाग बराच कमी होतो, पण पाण्यात विरघळलेले नत्र मोठ्या प्रमाणात तसेच पुढे येते. ते मुख्यतः अमोनियाच्या आणि नायट्रेटच्या रूपात असते. युरिया जमिनीत पडल्यावर त्याचे शेवटी हेच दोन पदार्थ होतात. म्हणजे बेबी कॅनॉलची पाळी आली की उसाला पाण्याबरोबर थोडे खतही मिळते. ते किती, हे कोणी मोजत नाही आणि गोणीतले खत मात्र पुरे टाकले जाते.

आधी गोणीचा हिशेब करू. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश अशी आहे. एकराला ते १०० : ४६ : ४६ पडते. पूर्वहंगामीला एकरी १३६ : ६८ : ६८ आणि आडसालीला १६० : ६८ : ६८. ऊस को ८६०३२ असेल तर, ती जात खताला चांगली साथ देते म्हणून, २५ टक्के जादा द्यावे असे सांगितलेले आहे. ही जात १९९६ साली पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राकडून प्रसारित झाली आणि आपल्याकडे खताचे डोस जे वाढले ते तिच्याबरोबर. "को ८६०३२ ला घाला तेवढे कमीच" असे जे गावोगाव बोलले जाते, त्याला मात्र कुठल्याही शिफारशीचा आधार नाही. २५ टक्के म्हणजे चाराला एक. चाराला चार नव्हे.

आता सुरू उसाच्या साध्या शिफारशीच्या गोण्या करू. ४६ किलो स्फुरदासाठी डीएपीच्या ५० किलोच्या दोन गोण्या लागतात. त्यातून १८ किलो नत्रही मिळते. उरले ८२ किलो. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली आहे आणि तिच्यात २० किलो ७०० ग्रॅम नत्र असते. चार गोण्यांत ८२ किलो नत्र भागते. पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅशची दीड गोणी. म्हणजे दोन डीएपी, चार युरिया आणि दीड पोटॅश. एकरी सात-आठ गोण्या युरिया टाकणारे सभासद आमच्या माहितीत आहेत आणि त्यांतले काही बेबी कॅनॉलवरच आहेत.

हे खत कधी द्यायचे? नत्राचे चार हप्ते करावेत. लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला उरलेले ४० टक्के. स्फुरद व पालाश अर्धे लागणीला, अर्धे मोठ्या बांधणीला. गोण्यांच्या भाषेत सांगायचे तर लागणीला एक डीएपी, त्यातच ९ किलो नत्र येते, वेगळा युरिया नको. सहा ते आठ आठवड्यांनी, फुटवे येताना, दोन गोण्या युरिया. पुढे बाळबांधणीच्या सुमारास अर्धी गोणी. मोठ्या बांधणीला दुसरी डीएपीची गोणी आणि दीड गोणी युरिया. बेरीज चारच येते. हा कागद घरात भिंतीला लावून ठेवला तरी चालेल.

हा झाला धरणाच्या पाण्यावरच्या उसाचा हिशेब. आता बेबी कॅनॉलकडे वळू.

एका पाळीला सरीत साधारण ८ सेंटिमीटर उंचीचे पाणी बसते असे धरले तर एकराला सव्वातीन लाख लिटर पाणी होते. समजा, पाण्याच्या तपासणीत लिटरला १० मिलिग्रॅम नत्र निघाले. १० मिलिग्रॅम म्हणजे चिमटीतही येणार नाही एवढे. पण सव्वातीन लाख लिटरला ते सव्वातीन किलो होते. म्हणजे एका पाळीला सात किलो युरिया पाटातून आला. सुरू उसाला पावसाळा वजा जाता वीस पाळ्या दिल्या, तर नत्र झाले ६५ किलो. एकराची सगळी शिफारस १०० किलोची आणि त्यातले ६५ पाण्यातून!

यावर कोणी म्हणेल की मग युरिया बंदच करू. तसेही करू नये. पाण्यातले सगळे नत्र उसाला मिळत नाही. काही खाली झिरपते, काही हवेत जाते, आणि ऊस लहान असताना त्याची मुळेच एवढी खोल नसतात की येईल ते घेतील. आम्ही सांगतो की निम्मे धरा. निम्मे म्हणजे ३२ किलो, युरियाची दीड गोणी. ही दीड गोणी कोणत्या हप्त्यातून कमी करायची, याला महत्त्व आहे. पहिल्या हप्त्यातून नको. फुटव्याच्या वेळी उसाला नत्र हाताशी लागते आणि तोपर्यंत पाळ्याही थोड्याच झालेल्या असतात. मोठ्या बांधणीचा दीड गोणी युरिया आहे तो वगळावा. डीएपीतून ९ किलो नत्र तेव्हा मिळतेच आणि पुढे पाणी चालूच राहते. तपासणीत १० ऐवजी २० मिलिग्रॅम निघाले तर वजा करायच्या गोण्या तीन होतात, एकच उरते, आणि ती फुटव्याच्या वेळेसाठी राखून ठेवायची.

एकदम सगळ्या रानावर करायची भीती वाटत असेल तर करू नका. मोठ्या बांधणीच्या वेळी दहा सऱ्या युरियाशिवाय सोडा, शेजारच्या दहा सऱ्यांना नेहमीप्रमाणे द्या, आणि खुंटी ठोकून खूण करा. तोडीच्या आधी दोन्हीकडचे वजन घ्या, हँड रिफ्रॅक्टोमीटर लावून ब्रिक्स पाहा. आमच्या सांगण्यापेक्षा आपल्या रानाचे सांगणे खरे.

येथे एक शंका नेहमी येते आणि ती रास्त आहे. "साहेब, दीड गोणी युरिया वाचवून मिळणार किती?" युरियाची गोणी सुमारे २६६ रुपयांना मिळते. दीड गोणीचे चारशे रुपये. चारशे रुपयांसाठी कोण पाणी तपासायला जाणार? खरे सांगायचे तर युरियाचा घोटाळा येथेच आहे. १९९२ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने स्फुरद आणि पालाश खतांच्या किमती मोकळ्या केल्या, युरियाची किंमत मात्र बांधलेलीच ठेवली. २०१० साली अन्नद्रव्यावर आधारित अनुदानाची पद्धत आली, तिच्यातूनही युरिया बाहेरच राहिला. त्यामुळे डीएपीच्या एका गोणीच्या पैशात युरियाच्या पाच गोण्या येतात. माणूस साहजिकच स्वस्ताकडे हात करतो. पोटॅश महाग म्हणून सुटते, युरिया स्वस्त म्हणून वाढतो, आणि उसाचे जेवण नुसत्या भातावर चालते. वरण नाही, भाजी नाही.

तेव्हा चारशे रुपये बाजूला ठेवा. नुकसान दुसरीकडे होते, ते पाहू.

ऊस मोठ्या बांधणीनंतर उंच वाढतो आणि पुढे पक्व होताना त्याला नत्राची ओढ कमी व्हावी लागते. नत्र कमी झाले, रात्री थंड झाल्या, पाणी ताणले, की वाढ थांबते आणि पानात तयार झालेली साखर कांड्यात साठू लागते. नत्र चालूच राहिले तर ऊस हिरवागार राहतो, वरची कांडी वाढतच जातात, बुडातून उशिराचे जाड पाणीदार कोंब निघतात आणि गाळपाला आला तरी रसाची शुद्धता बसत नाही. आपल्या भागात जुनी गुऱ्हाळे चालवणाऱ्यांना हे पाठ होते. सल्फेट जास्त झालेल्या उसाचा गूळ चिकट होतो, काळपट पडतो, टिकत नाही, म्हणून गुळव्या असा ऊस बघूनच तोंड वाकडे करीत असे. साखर कारखान्यात गुळव्या नाही, पण रस तोच आहे.

बेबी कॅनॉलवर ही अडचण दुप्पट होते. गोणीतला युरिया आपण बंद करू शकतो, पाटातला बंद करता येत नाही. ऊस पक्व व्हायच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांतही प्रत्येक पाळीबरोबर नत्र येतच राहते. ज्यांच्याकडे धरणाच्या पाण्याची किंवा त्या अंगाच्या विहिरीची सोय आहे, त्यांनी ते पाणी शेवटच्या महिन्यांसाठी राखावे. सुरुवातीला सांडपाणी, शेवटी चांगले पाणी. आपल्याकडे बहुतेक उलटे चालते. चांगले पाणी लागणीला वापरून संपवतात आणि उन्हाळ्यात-हिवाळ्यात जे मिळेल ते सोडतात. ज्यांच्याकडे दुसरे पाणीच नाही त्यांनी शेवटच्या पाळ्यांत अंतर वाढवावे.

आता उताऱ्याचे पैसे. २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाची रास्त व किफायतशीर किंमत, जिला आपण एफआरपी म्हणतो, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आहे. उतारा ०.१ टक्का वाढला की क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे वाढतात. साडेनऊ टक्क्यांपर्यंत तो घसरला तर त्याच दराने कमी होतात. टनाला ३४ रुपये ६० पैसे. एकरी ६० टन ऊस असणाऱ्याला ०.१ टक्क्याचा फरक म्हणजे २,०७६ रुपये. युरियाच्या जवळजवळ आठ गोण्यांची किंमत. उतारा मागच्या हंगामाचा धरायचा की चालू हंगामाचा, हा वाद वेगळा. कोणताही धरला तरी कमी उतारा आपल्याच डोक्यावर बसतो.

यात सहकाराची एक गोम आहे, ती सभासदांनी नीट लक्षात घ्यावी. उतारा कारखान्याचा सरासरी निघतो. एखाद्याने शेवटपर्यंत युरिया टाकून आपला ऊस वजनदार केला, तर वजनाचे पैसे त्याला एकट्याला मिळतात आणि घसरलेल्या उताऱ्याचा भुर्दंड सगळ्यांच्या उसावर वाटला जातो. ज्याने हिशेबाने खत दिले त्यालाही तो पडतो. म्हणून "टनेज माझे, रिकव्हरी कारखान्याची" हे वाक्य आम्हाला ऐकवू नका. कारखाना म्हणजे आपणच. शिवाय वजन तरी खरोखर वाढते का, तेही पाहावे. जादा नत्राचा ऊस आडसालीत हमखास पडतो. पडलेल्या उसाला मुळ्या फुटतात, उंदीर-घुशी लागतात, आतला ऊस वाळतो, पाचट कुजते. पडलेल्या फडाला तोडणी टोळी लवकर हात लावत नाही आणि लावला तर वर पैसे मागते. हे कोणी लिहीत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

पोटॅशबद्दल थोडे. सांडपाण्यात पालाशही काही प्रमाणात येतो आणि आपल्या काळ्या जमिनीत तो मुळात बरा असतो. म्हणून "पोटॅश नकोच" असे म्हणणारे पूर्ण चुकीचे नाहीत. परंतु नत्र जास्त आणि पालाश कमी, अशी जोडी झाली की ऊस मऊ राहतो आणि साखर पानातून कांड्यात वाहून नेण्याचे काम अडते. माती तपासणीत पालाश भरपूर निघाला तर कमी करा. न तपासता सोडू नका.

स्फुरदाचे दुखणे वेगळे. आपल्या जमिनी चुनखडीच्या. रानात खडे दिसतात, लिंबाचा रस टाकला की फसफसतात. अशा जमिनीत टाकलेले स्फुरद चुन्याशी बांधले जाते, म्हणून ते फेकून न देता सरीत मुळाजवळ आणि मातीआड द्यावे. डीएपी मिळत नसेल तर अडून बसू नये. सिंगल सुपर फॉस्फेटच्या पावणेसहा गोण्यांत तेच ४६ किलो स्फुरद मिळते, वर गंधक मिळते. तेव्हा युरिया जवळजवळ एक गोणी वाढवावा लागतो, कारण डीएपीतले नत्र मिळालेले नसते. बेबी कॅनॉलवाल्यांना तोही बराचसा पाण्यातून भरून निघेल. त्यांच्यासाठी सुपर फॉस्फेट डीएपीपेक्षा सोयीचे, असे आमचे मत आहे.

चुनखडीच्याच रानात कोवळ्या उसाची पाने पिवळी-पांढरी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. याला आपण केवडा म्हणतो. पाने पिवळी दिसली की युरिया, ही सवय येथे फसवते. हा लोहाचा तुटवडा असतो, त्यावर युरियाचा काही उपाय चालत नाही. तपासणीत कमतरता दिसली तर एकरी १० किलो हिराकस, ८ किलो झिंक सल्फेट, ४ किलो मँगनीज सल्फेट आणि २ किलो बोरॅक्स, दहापट शेणखतात मिसळून चार-पाच दिवस सावलीत मुरवून सरीत द्यावे. नुसते फेकले तर चुना तेही गिळतो.

युरिया कसा टाकावा, हेही सांगणे भाग आहे. चुनखडीच्या, जादा सामूच्या जमिनीवर युरिया उघडा पडला की त्यातला बराच भाग अमोनिया होऊन उडून जातो. सकाळी फेकला, पाणी चार दिवसांनी आले, असे झाले की गोणीचा काही हिस्सा वाऱ्याला दिला असे समजा. फेकून वरून पाटाचे मोठे पाणी सोडले तरी तो सरीच्या शेवटाला वाहत जातो. म्हणून शेवटाकडचा ऊस काळाभोर आणि तोंडाकडचा फिकट दिसतो. खत मातीआड करावे, मग हलके पाणी द्यावे.

खोडव्याला तर मातीआड करण्याची उत्तम पद्धत आहे, पहारीची. पहारीने बुडख्यापासून अर्धा फूट लांब आणि अर्धा फूट खोल भोक पाडायचे, एका भोकापासून दुसरे एक फुटावर, त्यात खत घालून माती लोटायची. पहिला हप्ता तोडीनंतर पंधरा दिवसांत एका बाजूला, दुसरा साधारण १३० ते १३५ दिवसांनी दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या हप्त्याचा युरिया बेबी कॅनॉलवाल्यांनी वर सांगितल्याप्रमाणे कमी करावा. मजुरी लागते, हे खरे आहे. पण खत मुळाशी पोचते आणि तणाला मिळत नाही.

खोडव्यातले पाचट जाळू नका, हे आम्ही दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी फेब्रुवारीत धूर दिसतो. एकराला तीन ते चार टन पाचट असते. त्यात १६ ते २० किलो नत्र, ८ ते १२ किलो स्फुरद आणि ३० ते ४० किलो पालाश असतो. काही सभासद म्हणतात की पालाश राखेत राहतोच. ते बरोबर आहे. पण नत्र आणि कुजून माती भुसभुशीत करणारा भाग धुरात जातो, आणि आपल्या रानाला गरज आहे ती त्याचीच. पाचट सरीत पसरून त्यावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकावेत व पाणी द्यावे.

या रानाला सेंद्रिय भागाची एवढी गरज का, याचे उत्तरही पाण्यातच आहे. सांडपाणी नत्र आणते तसे मीठही आणते. पाण्यात लिटरला एक ग्रॅम क्षार असले, आणि हे काही फार नव्हे, तर एका पाळीला एकरात सव्वातीनशे किलो क्षार पडतात. वीस पाळ्यांचे साडेसहा टन. साखरेची एवढी पोती कोणी रानात ओतली तर आपण धावत जाऊ, मिठाची ओतली जातात आणि दिसत नाहीत. चांगला पाऊस झाला आणि चर मोकळे असले की बरेचसे धुऊन जाते. चर बुजवून बांधावर ऊस लावला असेल तर जायला वाटच नसते. निरा डाव्या कालव्याखालच्या कितीतरी जमिनी शंभर वर्षांपूर्वीच अशा फुगून खारवटल्या होत्या, आणि तेथे तर पाणी धरणाचे होते. आपल्याकडे क्षारांबरोबर सोडियमही येतो. काळी जमीन सोडियम धरून बसते, मग ओली असताना चिखल आणि वाळली की दगड. अशा चोपण रानात खत घातले काय आणि न घातले काय. पाण्याचा क्षारांचा आकडा, ज्याला ईसी म्हणतात, ०.७५ च्या आत असेल तर निर्धास्त राहावे. ०.७५ ते २.२५ मध्ये निचरा आणि शेणखत सांभाळून वापरावे. त्याच्या वर असेल तर ते पाणी चांगल्या पाण्यात मिसळल्याशिवाय सोडू नये. जिप्सम टाकायचा असेल तर माती तपासून, दुकानदाराला विचारून नव्हे.

ठिबक केलेल्या सभासदांसाठी एक टीप. पाणी निम्म्यावर आले की पाण्यातून येणारे नत्रही निम्म्यावर येते आणि क्षारही. तेव्हा वरचा हिशेब तसाच्या तसा न वापरता आपल्या पाण्याच्या मापाने करावा. सांडपाण्यावर ठिबक असेल तर वाळूचा फिल्टर पाहिजेच, नाहीतर तोट्या शेवाळाने बसतात.

आता तपासणीबद्दल. पाण्याचा नमुना पाळी सुरू होताच पहिल्या लोंढ्याचा घेऊ नये, पाणी तास-दोन तास वाहिल्यावर घ्यावा. लिटरभराची प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, काठोकाठ भरावी आणि त्याच दिवशी पोचवावी. उन्हात डिकीत पडून राहिली तर नत्राचा आकडा बदलतो. वर्षातून तीनदा तरी तपासावे, कारण पावसाळ्यात पाणी पातळ होते आणि उन्हाळ्यात दाट. प्रयोगशाळेला अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही काढायला सांगावे, नुसते "पाणी तपासा" म्हटले की ईसी आणि सामू देऊन मोकळे होतात. रिपोर्टात नायट्रेट ४४ लिहिलेले असेल तर तो नत्राचा आकडा नव्हे. ४४ नायट्रेटमध्ये नत्र १० असते. साधारण साडेचाराने भागावे. येथे चूक झाली तर सगळाच युरिया कापला जाईल आणि मग आमच्या नावाने शिमगा होईल.

मातीचा नमुना ऊस तुटल्यावर, खत टाकण्याआधी घ्यावा. रानात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी एक फूट खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घेऊन बाजूची माती खरवडावी. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची नको. सगळी एकत्र करून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत, असे करत अर्धा किलो उरवावी. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरावी. खताच्या रिकाम्या गोणीत आणू नये, गोणीतले खत त्यात उतरते. पिशवीत चिठ्ठी टाकावी. तिच्यावर सभासद क्रमांक, गट नंबर, मागचे पीक, लागण की खोडवा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाणी कोणते, नवा कालवा, बेबी कॅनॉल, नदी की विहीर, आणि विहीर असेल तर ती कोणत्या पाटाच्या अंगाला आहे, हे लिहावे. पाण्याची बाटली आणि मातीची पिशवी एकाच रानाची असेल तर दोघांवर एकच खूण करावी.